चाक निघालं, म्हणजे चावी होती

"घरी एकदा नीट बघा ना, साहेब."

चाकाच्या लॉकनटची चावी सापडत नाही असं सांगितलं की गाडीवाल्याला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायझर ते अदबीने म्हणतो, टायरवाला जरा वैतागून म्हणतो. सोसायटीत गाड्यांतला जाणकार म्हणून मिरवणारा एकजण असतोच, तो वर प्रवचनही जोडतो: बारा-पंधरा लाखांची गाडी घेता आणि अंगठ्याएवढी चावी सांभाळता येत नाही? ऐकणारा ओशाळतो. घरी जाऊन ड्रॉवर उपसतो, बायकोला विचारतो, पोरांवर डाफरतो आणि शेवटी नट फोडण्याचे पैसे मुकाट्याने भरतो. चावी हरवली म्हणजे मालक गाफील, हा निकाल सुनावणीशिवायच लागलेला असतो.

मला तो मान्य नाही. बहुतेक वेळा चावी मालकाच्या हातून हरवलेलीच नसते. ज्याने शेवटचं चाक काढलं त्याच्या हातून ती हरवलेली असते आणि तो हात वर्कशॉपमधला असतो.

ज्यांच्या गाडीला हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चाक हबवर चार किंवा पाच नटांनी धरलेलं असतं. मारुती, ह्युंदाई, टोयोटा यांच्या बहुतेक गाड्यांत हबातून आट्यांचे स्टड बाहेर आलेले असतात आणि त्यांवर नट बसतात. फोक्सवॅगन, स्कोडा, बीएमडब्ल्यू यांच्यात नट नसतो, बोल्टच थेट हबात जातो. यातलं काहीही साध्या पान्याने सुटतं. अलॉय व्हीलं महाग झाली, रात्रीत चोरीला जाऊ लागली, तेव्हा प्रत्येक चाकावरच्या एका नटाचं डोकं वेगळं करायची युक्ती निघाली. त्या डोक्याला पाना धरेल असा षटकोन नसतो. वेडीवाकडी नागमोडी खाच असते आणि त्या खाचेत नेमका बसणारा पोलादाचा एक छोटा तुकडा गाडीसोबत मिळतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला नेहमीचा पाना लागतो. हीच ती चावी. चार चाकांना चार लॉकनट, आणि चावी एकच.

आता ही चावी वापरतो कोण? मालक तर नक्कीच नाही. ट्यूबलेस टायर सर्रास झाल्यापासून रस्त्यावरचं साधं पंक्चर चाक न काढताच निघतं. पंक्चरवाला चाक थोडं फिरवून खिळा शोधतो, पकडीने उपसतो, भोकात बाहेरूनच रबराची पट्टी खुपसतो आणि हवा भरून पैसे घेतो. २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले. टायर ट्यूबलेस असतील, दाब कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा असेल आणि सोबत पंक्चर काढायचा संच असेल, तर मोटारीला स्टेपनीसुद्धा सक्तीची राहिली नाही. जॅक लावून स्वतः चाक बदलणारा मालक आता शोधावा लागतो. पाच-पाच वर्षं गाडी चालवून एकदाही डिकीतला टूलकिट न उघडलेले लोक माझ्या ओळखीत भरपूर आहेत, आणि त्यात त्यांचं काही चुकलंय असं मला वाटत नाही.

चाक निघतं ते सर्व्हिसिंगला. साधारण दहा हजार किलोमीटरला पुढची चाकं मागे करायची, ब्रेक उघडून साफ करायचे, बॅलन्सिंग करायचं. अलाइनमेंट चाकं गाडीला असतानाच होतं, पण बॅलन्सिंगला चाक उतरवून मशीनवर चढवावंच लागतं. आणि लॉकनट असलेलं चाक चावीशिवाय उतरत नाही.

तेव्हा घरात चावी शोधण्याआधी शेवटचं बिल शोधा. त्यावर 'व्हील बॅलन्सिंग' अशी ओळ असेल, तर त्या तारखेला, त्या छताखाली, त्या माणसांच्या हातात तुमची चावी होती. चाक निघालं, म्हणजे चावी होती. यावर वर्कशॉपला एकच उत्तर देता येतं: बॅलन्सिंग केलंच नाही, नुसते पैसे लावले. हे उत्तर द्यायचं असेल तर त्यांनी खुशाल द्यावं, आणि लेखी द्यावं.

चावी हरवते कशी, हे पाहायचं असेल तर कुठल्याही गजबजलेल्या टायरच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी थोडा वेळ उभं राहावं. गाडी लिफ्टवर चढते. पोरगा डिकी उघडून टूलकिटमधून चावी काढतो, तेवढ्यापुरता मालकाला विचारतोही. मग ती चावी गनच्या तोंडातल्या खोल गोटीत, म्हणजे सॉकेटमध्ये, बसते. गन म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं नट सोडायचं यंत्र, ज्याच्या फर्रर्र आवाजाने दुकान दणाणत असतं. चारही लॉकनट एकापाठोपाठ सुटतात. चावी गोटीतच राहते. मग गोटी बदलून बाकीचे नट. चावी लागलेली गोटी ट्रॉलीवर, नाहीतर जमिनीवर, नाहीतर पलीकडच्या मशीनच्या फळीवर. चाकं परत चढेपर्यंत तासभर गेलेला असतो. मधे दुसरी गाडी आलेली असते, चहा आलेला असतो, ज्याने चावी काढली तो पोरगा दुसऱ्या लिफ्टवर गेलेला असतो. चाक बसवणारा तिसराच. तो लॉकनट आवळतो, गोटी बाजूला टाकतो, आणि गाडी खाली येते. डिकी पुन्हा उघडायचं काम कोणाचं, हे कुणीच ठरवलेलं नसतं. संध्याकाळी झाडलोट होते तेव्हा कोपऱ्यातल्या डब्यात जुन्या वजनपट्ट्या, वॉशर, तुटलेले व्हॉल्व्ह यांच्यासोबत अशा दोन-चार चाव्या पडलेल्या असतात. कुठली कुणाची, ते त्या डब्यालाही सांगता येणार नाही.

याहून वाईट एक प्रकार आहे. चावीचे दाते नाजूक असतात आणि गनचा दणका मोठा. अमेरिकेतली मॅकगार्ड ही लॉकनट बनवणाऱ्यांतली सर्वांत नावाजलेली कंपनी. तिच्या सूचनांत स्पष्ट असतं की लॉकवर इम्पॅक्ट गन चालवू नका, हाताच्या पान्यानेच काढा आणि लावा. आपल्याकडे किती ठिकाणी हे पाळलं जातं ते वाचकाने स्वतः पाहावं. छोट्या गाडीचा नट साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरला आवळायचा असतो, फोक्सवॅगन-स्कोडाचा बोल्ट १२० ला. गन मनात आलं तर याच्या कितीतरी पट जोर लावते. अशात चावीचा दाता उडतो, किंवा तिला केसाएवढी चीर जाते. मग ती तशीच गुपचूप टूलकिटमध्ये परत ठेवली जाते. पुढच्या वेळी, दुसऱ्या दुकानात, ती फिरते पण नट हलत नाही, आणि शिव्या त्या दुसऱ्या दुकानदाराला बसतात. किंवा पुन्हा मालकाला: "तुमची चावीच खराब आहे, साहेब."

यावर एक ठरलेला प्रतिप्रश्न येतो: गाडी ताब्यात घेताना मालकाने तपासायला नको का? सही केली, म्हणजे सगळं मिळालं असं कबूल केलं.

सही कशी होते ते आपण सगळेच जाणतो. संध्याकाळी साडेसहा-सातला गाडी धुऊन दारात उभी असते, मागे चार जण खोळंबलेले असतात, काउंटरवरची मुलगी बिलाच्या तीन प्रती पुढे सरकवून फुल्या मारलेल्या जागा दाखवते. जॉबकार्डवर सकाळी गाडी घेताना स्टेपनी, जॅक, टूलकिट, पायपुसण्या, टाकीत पेट्रोल किती, कुठे ओरखडा आहे हे सगळं टिपलेलं असतं. गाडीच्या आकृतीवर पोचे गोल करून दाखवलेले असतात, ते कशासाठी? उद्या तुम्ही म्हणू नये की हा पोचा आमच्याकडे पडला. स्वतःच्या बचावासाठी ज्यांना इतकं लिहिता येतं, त्यांना 'लॉकनट चावी' एवढे दोन शब्द छापता येत नाहीत, हे मला पटत नाही. रकाना नाही याचं कारण सरळ आहे: रकाना असला की परत दिल्याची नोंदही करावी लागेल.

आणि कायदा मालकाच्या बाजूने आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. गाडी दुरुस्तीला देणं म्हणजे आपली वस्तू ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणं आणि काम झाल्यावर परत घेणं. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात याची कलमं १४८ पासून आहेत. कलम १५१ सांगतं की ताबा घेणाऱ्याने त्या वस्तूची काळजी शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तशी घ्यायची. १६१ सांगतं की त्याच्या चुकीमुळे वस्तू वेळेवर परत मिळाली नाही तर तिच्या नुकसानीची जबाबदारी त्याची. चावी डिकीत होती, म्हणजे तीही ताब्यात दिलेली होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत निष्काळजीपणाबरोबर माहिती मुद्दाम दडवून ठेवणंही घातलंय. तुटलेली चावी न बोलता परत ठेवणं याला दुसरं काय म्हणायचं?

समोरच्या बाजूचं जेवढं खरं आहे तेवढं मान्य करायला हवं. काही चाव्या मालकाकडूनही जातात. दिवाळीच्या साफसफाईत डिकीतला 'भंगार' तुकडा म्हणून फेकली जाते. सीएनजी बसवताना टाकी डिकीत येते, टूलकिट सीटखाली नाहीतर घरच्या माळ्यावर जातो आणि त्या हलवाहलवीत चावी गळते. जुन्या गाडीच्या व्यवहारात तर ती कुणाकडून कुणाकडे आली याचा पत्ताच नसतो. विकणारा गाडीच्या दोन चाव्या, आरसी बुक, विम्याचे कागद देतो, या तुकड्याची आठवण कुणालाच नसते. अशा वेळी वर्कशॉपला दोष देऊ नये. पण ज्याच्या गाडीचं चाक सहा महिन्यांपूर्वी वर्कशॉपमध्ये निघालं आणि त्यानंतर कुणीच डिकीला हात लावला नाही, त्याला 'घरी बघा' सांगणं ही शुद्ध टोलवाटोलवी आहे.

दुसरा युक्तिवाद असा की एवढ्या क्षुल्लक गोष्टीचा बाऊ कशाला, नवी चावी मागवा. मागवता येते, हे खरं. मॅकगार्डसारख्या कंपनीच्या लॉकसोबत एक कार्ड येतं, त्यावर क्रमांक असतो, तो कळवला की तीच चावी पुन्हा मिळते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये सगळ्या नमुन्यांच्या चाव्यांचा संच ठेवलेला असतो, त्यातून जुळणारी काढून नट सोडता येतो. पण ते कार्ड होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? गाडी देताना हार घालतात, पेढे देतात, किल्लीच्या पुठ्ठ्याच्या मोठ्या प्रतिकृतीबरोबर फोटो काढतात. त्या समारंभात त्या कार्डाचा उल्लेख मी तरी ऐकलेला नाही.

शिवाय चावी नाही हे कळतं केव्हा? गाडी वर्कशॉपच्या दारात उभी असताना कधीच नाही. कळतं ते खंबाटकी घाटाच्या चढावर, रात्री नऊ वाजता, टायर बगलेतून फाटल्यावर. फाटलेल्या बगलेला पट्टी चालत नाही, चाक बदलावंच लागतं. स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे, टॉर्च धरायला माणूसही आहे. पाचातले चार नट निघतात आणि पाचवा हसत बसतो. रस्त्यावरच्या मदतीचा फोन लावला तर येणाऱ्या माणसाकडेही तुमच्या नमुन्याची चावी नसते. तो गाडी उचलून न्यायची व्यवस्था करतो. मागून कंटेनर घोंघावत जात असतात. याला क्षुल्लक म्हणणाऱ्याला त्या चढावर, दिवे लुकलुकत्या गाडीशेजारी, वयस्कर आईवडिलांना घेऊन तासभर उभं करावं.

तिसरा पंथ हातोडीवाल्यांचा. हे लोक फार आत्मविश्वासाने बोलतात: चावी गेली तर गेली, नटापेक्षा जराशी लहान बारा कोनांची गोटी घ्यायची, घणाने ठोकून बसवायची, पाना लावायचा, खट्कन सुटतो. सुटतो, कधीकधी. कशाच्या जिवावर सुटतो तेही पाहा. अलॉय व्हीलमध्ये नट एका अरुंद खोबणीत बसलेला असतो. जाड गोटी त्यात घुसवताना खोबणीच्या कडेला ओरखडे पडतात, वरचा लॅकर उडतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथून पांढरी बुरशी चढायला लागते. प्रत्येक घाव हबमार्गे बेअरिंगवर जातो. बेअरिंगच्या गोळ्यांना आणि त्यांच्या वाटेला असे दणके सहन होत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी ऐंशीच्या वेगात घूं घूं आवाज यायला लागतो, आणि त्याचा संबंध या हातोडीशी कुणी लावत नाही. काही लॉकनटांवर बाहेरून मोकळी फिरणारी पोलादी टोपी असते. तिच्यावर ठोकलेली गोटी नुसतीच गरागरा फिरते. मग कुणीतरी वेल्डिंगचा सल्ला देतो: लॉकनटावर साधा नट वेल्ड करून टाकू. त्या उष्णतेने अलॉयची ताकद जाते, हबातलं ग्रीस वितळतं, शेजारचा एबीएसचा सेन्सर जळू शकतो. ड्रिल लावावं तर लॉकनट मुद्दाम कठीण पोलादाचे केलेले असतात, बिट सरकतं आणि चाकात जातं.

यात करण्याजोगं काम एकच: उलट्या पिळाची खास गोटी. तिच्या आत डावीकडे वळणारे धारदार पीळ असतात. नट सोडायला डावीकडे फिरवलं की ती सुटण्याऐवजी नटाच्या डोक्यात अधिकाधिक रुतत जाते आणि त्याला घेऊनच बाहेर येते. हात बसलेल्या माणसाने, आधी थोडी हलकी ठोक देऊन, लांब दांड्याने, सावकाश करायचं हे काम आहे. घाई आणि गन दोन्ही वर्ज्य. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला ही गोटी मागितली तर दुकानदाराला समजावून सांगावं लागत नाही.

आणि इथेच लॉकनटच्या समर्थकांचा मुख्य बुरूज ढासळतो. ते म्हणतात, त्रास होतो खरा, पण चाकं वाचतात. काही शे रुपयांत मिळणारी जी गोटी नाक्यावरच्या टायरवाल्याकडे आहे ती चोराकडे नसेल असं समजणं हा भाबडेपणा आहे. चाकं चोरणं हा ज्याचा धंदा आहे तो तुमच्यापेक्षा आणि ॲडव्हायझरपेक्षा जास्त तयारीने येतो. फोक्सवॅगन-ऑडीच्या लॉकबोल्टांच्या वीस-वीस चाव्यांचे संच ऑनलाइन उघड विकायला आहेत. कुणीही घरपोच मागवावेत. ज्या कुलपाची किल्ली सगळ्या बाजारात मिळते आणि फक्त मालकाकडेच नसते, त्याला सुरक्षा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

लॉकनटने चोराचा वेळ वाढतो, आवाज वाढतो, आणि म्हणून तो शेजारची गाडी निवडतो, हा मुद्दा मी उडवून लावत नाही. अठरा इंची अलॉय लावलेली गाडी जो रोज रस्त्यावर, अंधाऱ्या गल्लीत उभी करतो, त्याने लॉकनट जरूर लावावेत. सकाळी उठून गाडी विटांवर उभी दिसणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्याच्याशी वाद घालायची माझी इच्छा नाही. पण किती गाड्या अशा? सोसायटीच्या बंद फाटकाआड, वॉचमनच्या नजरेसमोर, प्लॅस्टिकच्या कॅपवाल्या साध्या लोखंडी डिस्कवर धावणाऱ्या हॅचबॅकला लॉकनट कशाला? ते लागतात कारण शोरूममध्ये ॲक्सेसरीजच्या पॅकेजात मडफ्लॅप आणि मॅटबरोबर तेही घातलेले असतात. उंच गाड्यांचं तर आणखी गमतीचं: चोर त्यांची पोटाखाली टांगलेली स्टेपनी काढून नेतात, आणि चारही चाकांवरचे लॉकनट ते बघत राहतात.

म्हणून माझं म्हणणं वर्कशॉपपाशी थांबत नाही. गाडी बनवणाऱ्यांनाही थोडं विचारलं पाहिजे. इंजिन चालू करायच्या किल्ल्या दोन देता, कारण एक हरवणार हे तुम्हाला माहीत आहे. मग जी चावी दरवर्षी परक्यांच्या हातातून फिरणार ती एकच का? तिचा क्रमांक गाडीच्या कागदपत्रांत, मालकाच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर का नाही छापत? पोलादाच्या एका तुकड्याची किंमत गाडीच्या किमतीत कुणाला जाणवलीही नसती. ती वाचवली, आणि तिचा बोजा घाटात उभ्या राहिलेल्या माणसावर टाकला. वर त्यालाच गाफील ठरवायची सोयही झाली.

ज्यांना लॉकनटची गरज नाही त्यांनी ते काढून टाकावेत, चावी हाताशी असतानाच. त्यांच्या जागी साधे नट घालताना मात्र टायरवाला डब्यातून जे काढेल ते लावू देऊ नये. सुझुकीचा आटा १२ बाय १.२५ चा, ह्युंदाई, होंडा, टोयोटाचा १२ बाय १.५ चा, फोक्सवॅगनचा १४ बाय १.५ चा. जवळचा वाटणारा नट पहिल्या दोन पिळांपर्यंत हाताने बसतो आणि पुढे गनच्या जोराने आटे खात जातो. बैठकही पाहायची: काहींची बैठक ६० अंशांच्या कोनाची असते, फोक्सवॅगन-होंडाची गोलसर. गोल बैठकीत कोनाचा नट लावला तर तो फक्त एका रेषेवर टेकतो आणि चालता चालता ढिला होतो. टॉर्क रेंचने आवळून घ्या आणि शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून घ्या.

ज्यांना लॉकनट ठेवायचे आहेत त्यांनी चावीचा आणि तिच्यावरच्या क्रमांकाचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवावा. सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉबकार्डवर 'लॉकनट चावी, एक' असं आपल्यासमोर लिहून घ्यावं. ॲडव्हायझर म्हणेल की रकाना नाही. शेऱ्याच्या जागेत लिहायला सांगावं. संध्याकाळी सही करण्याआधी डिकी उघडावी, मागे कितीही रांग असली तरी. खरं तर हे मालकाचं काम नाही, पण रकाना छापला जाईपर्यंत दुसरा इलाज दिसत नाही.

आणि ज्यांची चावी आधीच गेलेली आहे त्यांनी आता ड्रॉवर उपसणं थांबवावं. बॅलन्सिंगचं शेवटचं बिल घेऊन त्याच काउंटरवर जावं, नट सुरक्षितपणे काढून देणं आणि नवे घालणं हा त्यांचा खर्च आहे असं लेखी सांगावं, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे. त्याआधी एक फोन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला करून बघा. क्रमांक १९१५.